हजेरीचा अंगठा

पहाटे पाचला, कडाक्याच्या थंडीत क्रांतीनं घोडी माळावर दौडवली, घाम पुसून खरारा केला, झूल घातली आणि सातच्या पाळीला कारखान्याचं फाटक गाठलं. हजेरीच्या मशीननं आजही तिचा अंगठा नाकारला. गारठ्यानं आणि लगामानं त्याच्यावरच्या रेघाच खाल्ल्या होत्या. मॅनेजर खेकसला, "सरदारीण लागून गेलीस काय? घोडी तरी विक, नाहीतर नोकरी तरी सोड!" रांगेतून कुणीतरी खिंकाळलं. क्रांतीनं तोच अंगठा मॅनेजरच्या नाकासमोर धरला. "सायेब, मिट्ट काळोखात ह्यो हात माझी घोडी वळखती. तीन वर्सं झाली तरी तुमचं मशीन वळखत न्हाई. मग भंगारात कुणाला इकायचं, सांगा की!" तिनं वॉचमनच्या खिशातलं पेन उपसून त्याच्या टेबलावरच्या जुन्या हजेरीवहीत सही ठोकली. मागची शालूबाई पुढं सरली. म्हशींच्या धारा काढून तिचाही अंगठा झिजला होता. "पेन हिकडं दे, क्रांते."