घरचे दाणे

"आई, मला तुझ्याकडचे वाईट दाणे हवेत," असं म्हणत लेकीने पिशवीतून पालकाची जुडी काढून ओट्यावर ठेवली. "चांगले नकोत. सुरकुतलेले, काळे पडलेले, बुरशी धरलेले. जितके वाईट तितके बरे."

"का, प्रयोगशाळेत पाहुणे जेवायला आहेत?" बापाने खुर्चीतून विचारलं. खालच्या दुकानाची भट्टी विझवून तो नुकताच वर आला होता. अंगाला भाजल्या शेंगदाण्यांचा वास होता. हल्ली त्याला जेवण जात नव्हतं, बरगडीखाली जड वाटायचं, म्हणून लेकीच्या फेऱ्या वाढल्या होत्या. येण्याचं कारण मात्र ती दर वेळी दुसरंच सांगायची.

लेकीने ओट्यावरची ताटली पुढे ओढली. "हे बघा. समजा, यात जंतू. त्यांच्यावर बुरशीचं विष टाकलं की त्यांच्या जनुकांत चुका होतात. आणि चूक झालेले जंतूच तेवढे या ताटलीत वाढतात, बाकीचे नाही. ठिपकेच ठिपके. पण विषाबरोबर पानांतला हिरवा रंग घातला, तर ठिपके कितीतरी कमी!"

"रंग करतो काय पण?"

"विषाला मिठी मारून बसतो. सोडतच नाही."

"आमच्याकडे आहे एक अशी," बाप बायकोकडे बघत म्हणाला.

एरवी तिने लगेच उलटा टोला दिला असता. आज तिने विचारलं, "बुरशीचं विष म्हणजे... दाण्यांवरच्या?"

"दाण्यांवरच्याच. ते यकृताला धरतं. आजवर आम्ही बाटलीतलं विष वापरलं, आता खऱ्या दाण्यांतलं काढून बघायचंय. म्हटलं, माझ्या आईसारखी निवड कोण करतं? इतकी वर्षं जे फेकत आलीस, ते या खेपेला माझ्यासाठी ठेव."

आईने पालकाच्या जुडीची दोरी सोडायला घेतली. गाठ काही केल्या सुटेना.

निवड तिचीच, हे खरं होतं. खिडकीच्या उजेडात बसून ती एकेक दाणा बोटांखालून घालायची. गिऱ्हाईकाच्या तोंडी वाईट दाणा जाता कामा नये, हा तिचा हट्ट. त्या हट्टावरच दुकानाने नाव कमावलं होतं.

"फेकतंय कोण?" बापाला लेकीच्या भोळेपणाची गंमत वाटली. "तुझी आई आणि काही फेकणार?" उठून त्याने फळीवरचा पत्र्याचा डबा काढला, रोज संध्याकाळी काढायचा तसाच. मूठभर दाणे घेतले, थोडे तोंडात टाकले आणि उरलेले लेकीपुढे धरले. "हे घे तुझे वाईट. पुन्हा कडक भाजून, मीठ लावून. काय झालंय त्यांना? घे की, खारूताई. लहानपणी गाल फुगेस्तोवर खायचीस."

लेकीने पिशवी उघडली. आतून पातळ हातमोजे काढले आणि दोन्ही हातांत चढवले. मग बापाच्या उघड्या तळहातावरचा एकेक दाणा चिमटीने उचलून ती छोट्या पिशवीत टाकू लागली.

बाप चावायचा थांबला. तोंडातलं गिळावं की थुंकावं, त्याला कळेना. शेवटी तो मोरीकडे गेला आणि चूळ भरून आला.

"भाजल्यावर राहतं काय गं त्यात?"

"राहतं, बाबा. सगळं जात नाही." पिशवीचं तोंड बंद करताना तिने आईकडे न बघता विचारलं, "माझ्या शाळेच्या डब्यातही हेच असायचे?"

"तुला कडू लागायचे," आई म्हणाली. "म्हणून तुझ्या डब्यात मी मीठ जास्त घालायचे."

बापाने डब्याचं झाकण लावलं. लावलेलंच पुन्हा दाबलं. "आता यावर काथ्याकूट नको. मला काय धाड भरलीये? आणि ही बघा, चांगली टुणटुणीत आहे." बोलता बोलता त्याचा हात बरगडीखाली गेला. दोघी बघताहेत हे लक्षात आल्यावर त्याने तो पाठीमागे नेला.

"उद्या सकाळी आपण तपासणीला जाऊ, बाबा. मी रजा टाकते."

या वेळी तो 'कशाला' म्हणाला नाही.

"आणि आधी खाल्लं असेल," आईने जुडीकडे बघत विचारलं, "अन् पाला मागाहून खाल्ला, तर?"

"सोबतच खायला हवा, आई. पोटात दोघं एकत्र असतील तरच तो धरणार." लेकीने हातमोजे उलटे करून काढले. "आणि हेही मी ताटलीतलं सांगतेय. माणसाचं एवढं छातीठोक सांगता येत नाही." मग आईच्या चेहऱ्याकडे तिचं लक्ष गेलं. "तू कर भाजी. मी जेवूनच जाते."

गाठ एकदाची सुटली. आई खिडकीपाशी बसली आणि तिचे हात सवयीने चालू लागले. हिरवीगार पानं उजवीकडे. पिवळी, भोकं पडलेली डावीकडे. उजवीकडचा ढीग वाढत गेला, डावीकडचाही थोडा वाढला. मग डाव्या ढिगातलं एक पान तिने उचललं, त्याची पिवळी कड तेवढी खुडली, आणि उरलेला तुकडा अगदी जपून एका वेगळ्या वाटीत ठेवला.

दाण्यांसारखीच ही वाटीही आपण घरच्यांसाठी घेतली, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा लेक समोर उभी राहून तिच्या हातांकडे बघत होती.