मुलगा झाला तर

“मिळाले का?” भूल उतरत असलेल्या अभिनंदनने पुन्हा विचारलं.

“बघतायत अजून,” संपदा म्हणाली, पण तिची नजर पलीकडच्या बंद दारावर होती. नवऱ्याच्या वृषणातून काढलेल्या कणभर तुकड्यांत एखादा जिवंत शुक्रजंतू आहे का, ते तिथे सूक्ष्मदर्शकाखाली शोधत होते. सकाळीच तिची स्त्रीबीजं काढली होती. आज काही मिळालं नाही, तर पुढचा रस्ताच बंद होता.

शेवटी डॉक्टरबाई बाहेर आल्या. “थोडेच आहेत, पण जिवंत आहेत.”

संपदाला रडू फुटलं.

“एक पुन्हा सांगते,” बाई म्हणाल्या. “तुमच्या वाय गुणसूत्राचा एक तुकडा जन्मापासून नाही. त्यातली जनुकं नाहीत, म्हणून शुक्रजंतू बनवणाऱ्या पेशी तगत नाहीत. मुलगी झाली तर काळजी नाही. मुलगा झाला, तर तो धडधाकट असेल, पण ही उणीव त्याच्यातही येईल.”

“म्हणजे उद्या तोही असाच इथे पडून राहणार,” अभिनंदन म्हणाला. “ठाऊक असून त्याच्या वाट्याला हे द्यायचं?”

संपदाने डोळे पुसले. “अहो, आपल्याला कारण कळेपर्यंत सहा वर्षं गेली. तोवर लोक मला बोलत राहिले आणि तुम्ही आतल्या आत कुढत राहिलात. सांगणारं कुणी नव्हतं. त्याला बाप असेल ना सांगायला.”

बाई दारापाशी थांबून होत्या.

“त्याचं लग्न ठरायच्या आधी मी स्वतः सांगेन त्याला,” तो अखेर म्हणाला. “करा सुरू, मॅडम.”