बाबांचा माईक

"आवाज खराब आहे, माफ करा," असं लिहूनच मी बाबांच्या व्हिडिओ पार्लरमधला तो जपानी राक्षसाचा सिनेमा जुने सिनेमे जपणाऱ्या एका ऑनलाइन संग्रहाला पाठवला होता. त्याचं इंग्रजी डबिंग जगात कुणाकडेच उरलं नव्हतं. आमच्या कॅसेटवर ते होतं, पण इचलकरंजीच्या प्रेक्षकांना कळावं म्हणून बाबांनी कॉपी करताना माईकवरून मराठीत गोष्ट सांगितली होती.

आज संग्रहवाल्यांचं उत्तर आलं. "इंग्रजीचं एकही वाक्य गेलेलं नाही. हे गृहस्थ प्रत्येक पात्राचं बोलणं संपेपर्यंत थांबलेत. राक्षस डरकाळी फोडतो, इमारती कोसळतात, तेवढ्यातच ते बोलतात. त्यांचाही आवाज आम्ही तसाच जपणार आहोत."

मी सिनेमा पुन्हा लावला. नट गप्प झाला, शहर कोसळू लागलं आणि नऊ वर्षांपूर्वी गेलेले बाबा शांतपणे म्हणाले, "घाबरू नका मंडळी, पोरगी वाचणार आहे."

मी सिनेमा थांबवून शेजारी बसलेल्या आईला विचारलं, "आई, बाबांना इंग्रजी येत होतं?"

"एक अक्षर नाही," आई म्हणाली. "पण समोरच्याचं बोलून झालंय की नाही, हे कळायला इंग्रजी कशाला लागतं?"