झिपऱ्याच्या गाठी

आवडाबाईनं पिशवीतून कात्री काढली. मेंढ्या कातरायची मोठी कात्री होती. करमाडहून मुद्दाम आणलेली. बद्रीनाथनं मांडीवरचं पिल्लू दोन्ही हातांनी झाकलं.

“अक्का, कात्री आत ठेव.”

तिनं ठेवली नाही. ती त्याची थोरली बहीण. दिवाळीनंतर त्याची बायको रत्नमाला वारली, तेव्हापासून ती अधूनमधून उस्मानपुऱ्यात भावाच्या घरी यायची, डबे उघडून बघायची, तो जेवतो की नाही ते विचारायची. आज मात्र ती झिपऱ्याला न्यायला आली होती.

झिपऱ्या म्हणजे हे लांब केसांचं कुत्र्याचं पिल्लू. ते श्रेयानं, त्याच्या मुलीनं, बापाला सोबत म्हणून आणून दिलं होतं. बद्रीनाथ रोज त्याला विंचरायचा. मध्ये त्याला ताप आला, आठवडाभर कंगवा फिरला नाही, आणि पिल्लू अंगणातल्या कुसळांत लोळत राहिलं. कानांमागं, काखेत, पोटाखाली केसांचे गोळे झाले. आवडाबाईनं नेमकं तेव्हाच बघितलं. वरणात केस निघतात, म्हातारपणी ही कटकट कशाला, असं तिचं म्हणणं. अंगावरचे केस उतरवले की आमच्या शेतावर राहील चार कुत्र्यांत. ती चार कुत्री त्याला राहू देतील का, ते ती बोलली नाही.

“रत्नमालाचा उजवा हात लकव्यानं गेला, तरी एका हातानं वेणी घालायची,” ती म्हणाली. “लग्नात बायका वळून बघायच्या अशी वेणी. आन तू? सकाळी आठ-आठ वाजेस्तोवर दार लावून झोपायचा. दोन हात असून तुला एक पिल्लू सांभाळंना.”

बद्रीनाथला हे पाठ होतं. रत्नमाला असताना तिच्यासमोरही अक्कानं हे कितीदा ऐकवलं होतं. तेव्हा रत्नमाला मान खाली घालायची आणि पदर डोक्यावर ओढून घ्यायची. बद्रीनाथ गप्प बसायचा. आज त्यानं पिल्लाच्या कानामागची गाठ चाचपली.

“तुझी गाडी कधीये?”

“चारला.”

“तवर एकबी गाठ राहिली तर घेऊन जा. पण कात्री लावायची नाय. आन गाठी निघाल्या तर परत त्याचं नाव काढायचं नाय.”

आवडाबाई हसली. कात्री मांडीवर घेऊन ती बाजेवर बसली, घड्याळाकडं तोंड करून.

बद्रीनाथनं वाटीत खोबरेल घेतलं. एकेका गोळ्यात बोटांनी मुरवलं. मग केस मुळाशी चिमटीत धरले, कातडीला ओढ बसू नये म्हणून, आणि लाकडी कंगवा टोकाकडून लावला. थोडं टोक सुटलं की थोडं वर. पिल्लू एकदा गुरगुरलं. आवडाबाई म्हणाली, बघ, चावंल आता. ते चावलं नाही. त्यानं जांभई दिली. पोटाखालच्या गाठी निघाल्या तेव्हा ती म्हणाली की हे सोपं होतं. काखेतल्या निघाल्या तेव्हा तिनं घड्याळ बघितलं.

शेवटची गाठ डाव्या कानामागं होती. पार कातडीला चिकटलेली. आवडाबाई उठून जवळ आली, वाकून बघितलं. ही कात्रीशिवाय निघायची नाय म्हणाली. बद्रीनाथनं कंगवा खाली ठेवला. नखानं एकेक केस बाजूला केला. कुसळ काढून तिच्या हातावर ठेवलं. मग कंगवा घेतला आणि कानापासून शेपटीपर्यंत एकदाच फिरवला. तो कुठंही अडला नाही. पिल्लू झोपलं होतं.

“ठेव आता आत,” तो म्हणाला.

आवडाबाईनं कात्री पिशवीत टाकली. बद्रीनाथचं अजून झालं नव्हतं. पिल्लाच्या डोळ्यांवर येणारे केस त्यानं वर घेतले, तीन पेड केले आणि वेणी घातली. घट्ट, चपटी, बोटाएवढी. शेवटचं टोक आत दुमडलं, वेणीखाली लपवलं आणि काळा दोरा बांधला.

आवडाबाई त्या दुमडलेल्या टोकाकडं बघत राहिली. असं टोक लपवलेली वेणी तिनं एकाच बाईच्या पाठीवर बघितली होती.

“बद्री, ही तर तिची वेणी.”

“व्हय.”

“तुला कशी येती?”

बद्रीनाथनं कंगव्यातले केस काढले, तेल लागलेले हात धोतराला पुसले आणि पहिल्यांदाच बहिणीच्या डोळ्यांत बघितलं.

“एका हातानं वेणी घालता येत नाय, अक्का. म्हणून दार लावायचो.”