वास आला तर परत

माजलगावात वीरेशचं प्लास्टिकच्या डब्यांचं दुकान होतं आणि "वास आला तर डबा परत," असं तो गिऱ्हाइकांना छाती ठोकून सांगायचा. बायकोसाठी मात्र त्यानं अंथरुणातलं खेळणं मागवलं ते सगळ्यात स्वस्त, गुलाबी आणि चिकट. रुद्राणीनं ते नाकाशी धरलं तर नव्या रबरी चपलेचा भपकारा आला. मागच्या असल्याच खेळण्यानं पंधरा दिवस तिची आतून आग झाली होती. ती म्हणाली, "सिलिकॉनचं आणा म्हणलं व्हतं. ते उकळून धुता येतंय, हे उकळलं तर पाघळंल." "तिथं कोण वास घ्यायला बसलंय? लई शाणी!" वीरेश फिदीफिदी हसला. सकाळी त्याचा डबा भरताना तिनं ते खेळणं भाकरीवर ठेवलं आणि झाकण लावलं. "अगं, भाकरीला वास लागंल की!" वीरेश ओरडला. रुद्राणीनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "भाकरीची लई काळजी हाय तुमाला."