लाल पायांची तुतारी

समजा, तुम्ही आत्ता पाणथळीच्या बांधावर उकिडवे बसला आहात. चपला चिखलात रुतल्या आहेत आणि शिंक आली तरी दाबायची आहे. तुमच्या शेजारी बसली आहे नऊ वर्षांची ठमी. तिला आज पक्ष्यांच्या नोंदवहीत एक पक्षी स्वतःच्या नावावर हवा आहे.

ज्याला पक्षी आधी दिसेल, त्याचं नाव वहीत. पण आधी त्याने वर्णन सांगायचं. मग ठमीचे आजोबा दुर्बिणीतून बघणार आणि पक्ष्याचं नाव ठरवणार. ते या पक्षी पाहणाऱ्या मंडळींचे म्होरके. आधी वर्णनाचा हा नियम त्यांनी गेल्याच हिवाळ्यात काढला होता.

"दिसला!" ठमी कुजबुजली. "लांब चोच. पांढरं पोट. मान सारखी झटकतोय. आणि पाय... लाल."

पाय तिला नीट दिसले नव्हते. पण तुतारी पक्ष्यांपैकी हिरव्या पायांची वहीत केव्हाच लिहून झाली होती. लाल पायांची अजून कुणालाच दिसली नव्हती.

"लाल? स्वप्नात पाहिलीस की काय गं?" औषधांच्या दुकानातल्या काकू म्हणाल्या. वही त्यांच्याकडे असे.

आजोबांनी दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ पाहिलं.

"शाबास! लाल पायांचीच. काय सुरेख पाय आहेत! लिहा, बाई."

काकूंनी पेन्सिल काढली. ठमी उड्या मारतच दुर्बिणीपाशी गेली आणि आत डोकावली.

आत काळाकुट्ट अंधार. भिंगावरचं झाकण तसंच होतं.

तिला आधी हसूच आलं. मग सकाळी आजोबांच्या हातून कपाच्या बाहेर ओतला गेलेला चहा आठवला. आणि मग, आधी वर्णन सांगायचा तो नियम.

तिने झाकण हळूच काढून मुठीत घेतलं आणि पुन्हा पाहिलं.

"काकू, खोडा ते. मी थाप मारली. पाय हिरवे आहेत."

"अगं, पण आजोबांनी पाहिले ना आत्ता?"

आजोबांचा हात दुर्बिणीवर तसाच राहिला.

"समोरून ऊन येतंय ना, काकू," ठमी म्हणाली.

काकूंनी तिचं नाव खोडलं. ठमीने झाकण खिशात टाकलं आणि आजोबांना अगदी खेटून बसली.

"आजोबा, डावीकडे तीन बारके आलेत. चोच काळी, आखूड. पाय... थांबा हं, पाय नीट बघून सांगते."