आढळलेले नाहीत

"हं, करा सुरू, बाई," म्हणत सरांनी डोळे मिटले. मिटले काय नि उघडे ठेवले काय, दोन वर्षांपासून त्यांना सारखंच. पण ऐकताना डोळे मिटायची सवय जुनी, ती काही सुटली नव्हती.

टायपिस्टबाईंनी फाइल मांडीवर घेतली. बारा पानं. जनुक बदललेल्या त्या नव्या मक्याला परवानगी द्यायची की नाही, ते या अहवालावर ठरणार होतं. समितीतल्या पाचांपैकी चौघांच्या सह्या झालेल्या, राहिली होती एकट्या सरांची. मधमाश्यांचं प्रकरण सरांचं. त्यांनी तोंडी सांगितलं होतं, बाईंनी उतरवून घेतलं होतं.

चहा ठेवायला आलेल्या वहिनी म्हणाल्या, "मी वाचून दाखवते म्हटलं, तर नको म्हणाले. मी मधल्या ओळी गाळते म्हणे."

"गाळतेसच तू. काल पेपरातला अख्खा अग्रलेख खाल्लास," सर म्हणाले.

वहिनी हसत आत गेल्या.

"ऑफिसबाहेर फार आरडाओरडा चाललाय म्हणे?" सरांनी विचारलं.

"फाटकाशी रोज माणसं उभी असतात, सर. आणि हरकतीची पत्रं तर पोत्यांनी आलीत. जिन्याखाली रचून ठेवलीत."

"कुणी वाचतं का?"

"जिन्याखाली कोण वाचत बसणार?"

सर हसले. बाईही हसल्या, आणि आपल्याला हसू आलंच कसं, याचा त्यांना राग आला.

कारण नवव्या पानावर एक शब्द बदललेला होता. सरांनी सांगितलं होतं, 'परागकणांचे मधमाश्यांवर होणारे परिणाम तपासलेले नाहीत.' पानावर आता होतं, 'आढळलेले नाहीत.' आणि बदलला होता बाईंनीच. आज सकाळी, स्वतःच्या हाताने, ऑफिसातले साहेब खुर्चीमागे उभे असताना. साहेबांच्या केबिनमध्ये बियाणं कंपनीचा माणूस आपलंच घर असल्यासारखा पाय पसरून बसला होता.

"एक शब्द तर आहे, बाई," साहेब म्हणाले होते. "शब्दाने काय कुणाचं पोट दुखतं?" आणि मग अगदी जिव्हाळ्याने, "मुलगी काय म्हणते? कंपनीने बांधून दिलेल्या आपल्या नव्या प्रयोगशाळेत आहे ना? तिला कायम करायचं पत्र माझ्याच टेबलावर आहे हो."

मुलीला सातवा महिना लागला होता. कायम नसलेल्या बाईला तिथे बाळंतपणाची रजा मिळत नाही, नारळ मिळतो. हे साहेबांना ठाऊक होतं, बाईंना तर होतंच होतं.

तरी येताना सारा रस्ता त्या एकच घोकत आल्या होत्या. पानावर आहे तेच वाचायचं. सर भडकतील, सही करणार नाहीत, फाइल परत जाईल. पुढचं पुढे बघू. सरांना फसवायचं नाही. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, त्यांनी कधी 'अगं'सुद्धा म्हटलं नाही.

आठ पानं सुरळीत गेली. नववं आलं. 'मधमाश्यांवर होणारे परिणाम' इथपर्यंत बाई आल्या, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे जिना चढताना धापा टाकणारी मुलगी उभी राहिली.

"...तपासलेले नाहीत," त्या म्हणाल्या.

समोर छापलेलं वेगळंच होतं. जीभ मात्र सरांचं वाक्य बोलून गेली होती.

"परत वाचा बरं तेवढं," सर म्हणाले.

बाईंनी पान घट्ट धरलं.

"काय झालं, सर?"

"काही नाही हो. त्यातच कुणी ध चा मा करेल, अशी मला भीती होती. बाकी सगळं बदलू देत, एवढं राहिलं पाहिजे. जे बघितलंच नाही ते नाही, असं कसं सांगायचं? मला ही खोली दिसत नाही. म्हणून काय मी सांगू, की खोलीत खुर्ची नाही?"

बाईंनी ते वाक्य परत वाचलं. या वेळी त्या पानाकडे बघत नव्हत्या, सरांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. त्या चेहऱ्यावर समाधान पसरलं, आणि बाईंना वाटलं, धरणीने आता पोटात घ्यावं. अजून सांगता येत होतं. सर, चुकलं, असं नाहीये इथे. चार शब्दांचं काम. त्यांनी तोंड उघडलंही.

"पुढचं राहू दे. आणा, कुठे करायची सही?" सरांनी हात पुढे केला.

बाईंनी त्यांच्या बोटांत पेन दिलं, मनगट धरून हात शेवटच्या पानावर आणला. सही पूर्वीसारखीच आली, ठसठशीत, एका रेषेत. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते सरांना दिसत नव्हतं, आणि त्याबद्दल देवाचे आभार मानावेत, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. मग त्याचीही लाज वाटली.

त्या फाइल घेऊन उठल्या.

"बाई, छापून आला की एक प्रत आणाल?" सर म्हणाले. "सुट्टीत नात येतेय. मधमाश्यांचं प्रकरण तिच्याकडून वाचून घेईन म्हणतो."

"आणीन, सर."

"भरभर वाचते पोरगी, पण मनचं घालते मध्येमध्ये. तिला सांगणार आहे मी, वाचावं तर आमच्या बाईंसारखं. लिहिलंय तेच."